बँकॉकच्या फुटपाथवर कण्यांची पेज

परदेशी सहलीला निघालेली आपली मंडळी चिवड्याचा डबा सोबत नेतात आणि सकाळी खोलीतच बसून खातात. बँकॉकला तसे करू नका, पहाटेच गल्लीत उतरा. गाडीवर 'जोक' मिळते. म्हणजे आपली तांदळाच्या कण्यांची पेज, पार मऊ होईपर्यंत शिजवलेली! वर आल्याचे काप, कांद्याची पात, डुकराच्या खिम्याचे गोळे. सांगाल तर अंडे फोडून घालतात. सोबत 'पातोंगको', म्हणजे मैद्याची तळलेली जोडकांडी. चिनी स्थलांतरितांनी हे दोन्ही तिथे नेले.

आमच्या घरी कण्या शिजल्या की आई दार लोटून घ्यायची, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. तिथे ऑफिसला निघालेला कारकून आणि हमाल एकाच बाकावर तीच पेज ओरपत होते. मी आणखी एक वाडगा मागितला.