अर्धी स्प्रिंग, अर्धी काकवी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी एक प्रयोग चालतो, पण त्याला प्रयोग कोणी म्हणत नाही. रव्याच्या लाडवांचा पाक झाला का हे पाहायला झाऱ्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि बोटं हळूच फाकवायची. एक तार निघाली की पाक एकतारी. चिक्कीचा गूळ असेल तर थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा आणि तो मोडताना टक्‌ आवाज येतो का ते ऐकायचं. थर्मामीटर नसतो, पण पदार्थ किती ताणतो आणि कसा तुटतो यावरून आत पाणी किती उरलंय ते कळतं. साखरेचा पाक १४६ ते १५४ अंश सेल्सिअसपर्यंत गेला की त्यात जेमतेम टक्काभर पाणी राहतं आणि थंड झाल्यावर त्याची काच होते. लिमलेटची गोळी म्हणजे अशी चघळायची काच.

हीच परीक्षा फूटपट्टी आणि वही घेऊन केली, तर शाळेसाठी झकास विज्ञान प्रकल्प होतो. थर्माकोलच्या ज्वालामुखीपेक्षा तर नक्कीच चांगला.

लागतं अगदी थोडं. लांबट जेली (मुलं तिला ‘वर्म’ म्हणतात), कागदांना लावायचे दोन काळे चिमटे, दोरा, आइस्क्रीमचा रिकामा कप आणि नाणी. एका चिमट्याने जेली खुर्चीच्या पाठीला टांगायची, दुसऱ्याला कप बांधायचा. चिमटा थेट लावला तर जेली तिथेच कापली जाते, म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा. नाणी एकाच साच्यातली हवीत. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे, तर २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅमचा. दोन्ही मिसळले तर ‘दहा नाणी’ या नोंदीला काही अर्थ उरत नाही. जेलीवर पेनाने दोन खुणा करून फक्त त्यांच्यामधलं अंतर मोजायचं, म्हणजे चिमट्यात घसरलेला भाग हिशेबात येत नाही. खुणांमधलं अंतर ८ सेंटिमीटरवरून १० झालं, तर वाढ २५ टक्के. प्रत्येक प्रकारच्या निदान तीन जेली ताणाव्यात, कारण एकाच पाकिटातल्या दोन जेलीही सारख्या जाडीच्या नसतात.

आता आलेख. आडव्या अक्षावर वजन, उभ्यावर वाढलेली लांबी. पुस्तकात इथे सरळ रेघ असते.

ती रेघ रॉबर्ट हूकची. १६७६ साली या इंग्रज शास्त्रज्ञाने एका पुस्तकात १४ अक्षरांची गुंतवळ छापली. शोध आपला आहे हे नोंदवून ठेवायचं आणि तो कोणाला कळूही द्यायचा नाही, अशी ती युक्ती होती. १६७८ मध्ये त्याने उलगडा केला. त्या अक्षरांतून चार लॅटिन शब्दांचं एक वाक्य तयार होत होतं. त्याचा अर्थ : जितकी लांबी वाढते, तितकं बल. स्प्रिंग आणि धातूच्या तारा एका मर्यादेपर्यंत हा नियम इमानाने पाळतात. जेली पाळत नाही. गंमत इथेच आहे, आणि बरीच मुलं इथेच घाबरतात. बिंदू रेघेवर बसत नाहीत म्हटल्यावर खोडरबर निघतं, आकडे ‘दुरुस्त’ होतात, कधी पालकांच्या देखत.

वाकडी रेघ ही चूक नाही, तेच उत्तर आहे. कपात तेवढीच नाणी असताना जेली हळूहळू आणखी खाली येत राहते. म्हणून नाणं टाकल्यावर किती सेकंदांनी माप घेतलं तेही लिहावं लागतं. पुढे एकेक नाणं काढत परतीची मापं घेतली, तर ती जातानाच्या मापांशी जुळत नाहीत. आलेखावर दोन रेघांमध्ये एक पोकळ पान तयार होतं. ताणताना दिलेल्या ऊर्जेचा जो भाग परत न मिळता उष्णतेत गेला, तो म्हणजे हे पान. जेली अर्धी स्प्रिंग असते, अर्धी काकवी.

जेली कुठली, यावरही बरंच अवलंबून असतं. पाकिटावर तपकिरी खूण असेल तर आत बहुधा जिलेटिन सापडेल. प्राण्यांच्या हाडां-कातड्यांतल्या कोलॅजेनपासून बनणारं हे प्रथिन लांब, लवचीक साखळ्यांचं जाळं विणतं. हिरव्या खुणेच्या जेलीत फळांतलं पेक्टिन किंवा स्टार्च असतं. ती सहसा कमी ताणते आणि लवकर तुटते. जिलेटिनचं जाळं ३५ अंशांच्या आसपास सैल पडतं, म्हणून तर ती जेली तोंडात विरघळते. नागपूरच्या मे महिन्यात पाकिटातल्या अस्वलाच्या आकाराच्या जेलींचा एकच गोळा का होतो, त्याचंही कारण हेच. तेव्हा खोलीचं तापमान वहीत हवंच. एक जेली तासभर फ्रिजमध्ये ठेवून तोच प्रयोग पुन्हा केला, तर प्रकल्पाला दुसरं प्रकरण मिळतं.

शेजारी एक चघळायची टॉफीही टांगावी. ती हळू ओढली तर लांबत जाते, हिसका दिला तर तुटते, आणि लांबलेली टॉफी मागे येत नाही. इथे एक नेहमीचा गैरसमज दूर होतो. खूप ताणतं ते स्थितिस्थापक, असं सगळ्यांनाच वाटतं. भौतिकशास्त्राच्या भाषेत मात्र रबरापेक्षा पोलाद जास्त स्थितिस्थापक ठरतं, कारण त्याला तेवढंच लांबवायला कितीतरी जास्त बल लागतं. किती ताणलं, किती जोर लागला आणि किती परत आलं, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. वहीत त्यांचे तीन निरनिराळे रकाने हवेत.

तिसरा रकाना त्याच दिवशी पुरा करायची घाई करू नये. सुटलेली जेली ताटलीत ठेवावी आणि सकाळी खुणांमधलं अंतर पुन्हा मोजावं. ताटली मात्र पाणी घातलेल्या परातीत ठेवा, नाहीतर सकाळी मोजायला फक्त मुंग्या उरतील.