पाळीव सशांचीं पिलें पहिल्याच वेतांत कां दगावतात ?

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या जिराईत रानांत ज्वारीची काढणी चालू असतां ताटांच्या आडोशाला दबून बसलेलें सशाचें पिलूं पुष्कळ शेतकऱ्यांनीं पाहिलें असेल. त्याच्या अंगावर लव असते, डोळे उघडे असतात, आणि जन्मल्यावर थोड्याच वेळांत तें हालचाल करूं लागतें. हेंच चित्र मनांत ठेवून जो गृहस्थ प्रथमच पाळीव ससे आणतो, त्याची पहिल्या वेतांत फसगत होते. रानससा निराळा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला पकडण्यास व पाळण्यास बंदी आहे. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला इत्यादि पाळीव जाति युरोपांतील बिळांत राहणाऱ्या सशापासून निघाल्या आहेत. त्यांचीं पिलें केंसाविना व आंधळीं जन्मतात. डोळे १० ते १२ दिवसांनीं उघडतात. बिळांत जी ऊब आयती मिळते, ती पिंजऱ्यांत मालकानें पुरवावी लागते. पहिल्या वेतांतील बहुतेक मृत्यूंचें मूळ येथेंच आहे.

म्हणून मेलेलें पिलूं फेकून देण्यापूर्वीं तें कोठें व कसें मेलें हें नीट पाहावें.

पिलें पेटीबाहेर जाळीवर गार पडून मेलीं असतील, तर मादीला घरटें वेळेवर मिळालें नाहीं असें समजावें. मादी सुमारें ३१ दिवसांनीं विते. यासाठीं फळल्याची तारीख लिहून ठेवून २८ व्या दिवशीं पेटी आंत ठेवावी. पेटी सुमारें दीड फूट लांब, एक फूट रुंद व तितकीच उंच असावी. पुढील बाजू ६ इंच ठेवावी, म्हणजे मादीला आंत जातां येतें व पिलें बाहेर पडत नाहींत. तळाला लहान भोंकें पाडून वर मऊ वाळलेलें गवत घालावें. मादी पोटावरील केंस उपटून त्यांत पसरते. तिनें तसें न केल्यास व्याल्यावर तिचे थोडे केंस हलक्या हातानें काढून पिलांवर घालावे. गार पडलेलें पिलूं मेलेंच असें मानूं नये. हाताच्या उबेनें तें पुष्कळदां हालूं लागतें.

पेटींतच मेलेल्या पिलाचें पोट खपाटीला गेलेलें व कातडी सुरकुतलेली असेल, तर त्याला दूध मिळालें नाहीं. दूध प्यालेल्या पिलाच्या पोटांतील दूध पातळ कातडींतून पांढरें दिसतें. मादी पिलांवर बसून राहत नाहीं. दिवसांतून एकदां किंवा दोनदां कांहीं मिनिटें पाजते. ती पिलांना टाकून बसली आहे अशा समजुतीनें तिला पेटींत कोंडूं नये. दोन माद्या एकाच दिवशीं फळविल्यास, एकीचीं जास्तीचीं पिलें पहिल्या दोन-तीन दिवसांत दुसरीखालीं लावतां येतात.

पिलें चावलेलीं किंवा खाल्लेलीं आढळल्यास आधीं पाण्याचें भांडें पाहावें. विण्याच्या वेळीं मादीला फार तहान लागते. वार खाणें हा तिचा स्वभावच आहे. परंतु कुत्रीं, मांजरें, उंदीर किंवा पाहुण्यांची गर्दी यांनीं ती बिथरली तर पिलांना तुडविते व खातेहि.

भरल्या पोटाचीं पिलें उन्हाळ्यांत पसरून मेलीं असतील, तर तो उष्म्याचा परिणाम होय. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत मादी फळवूं नये. उष्म्यानें नराचेंहि बीज पुढें कित्येक आठवडे दुबळें राहतें. पावसाळा संपल्यावर जोडा लावून पहिलें वेत हिवाळ्याच्या आरंभीं घ्यावें, व थंडीच्या रात्रीं पिंजऱ्याला गोणपाट लावावें.

मादी ५-६ महिन्यांची व अंगानें भरलेली झाल्यावांचून तिला नराकडे नेऊं नये. मात्र लसूण घासाबरोबर खुराक फार देऊन ती लठ्ठहि करूं नये. पहिलटकरणीचें वेत पुष्कळदां वायां जातें. तेवढ्यावरून तिला विकून टाकणें म्हणजे स्वतःच्या उणिवेचा दोष जनावरावर घालणें होय. सर्व व्यवस्था नीट असूनहि लागोपाठ तीन वेतें गेलीं, तरच ती काढावी. तोंवर वहींत प्रत्येक वेताची तारीख, पिलांची संख्या आणि मृत्यूचें कारण लिहीत जावें. कोठें चुकतें हें शेतकरी बंधूंना तीच वही दाखवील.