बैठकींतील मौन

"चर्चा होऊन ठराव सर्वानुमतें मंजूर झाला," हें वाक्य शाळेच्या इतिवृत्तांत मीं पुष्कळ वेळां स्वहस्तें लिहिलें आहे. त्यांतील 'चर्चा होऊन' हे दोन शब्द बहुधा खरे नसत.

बोदवडच्या बाजूस नोकरींत असतांनाची गोष्ट. परीक्षेपूर्वीं शाळा पाऊण तास उशिरां सोडावी, असें मुख्याध्यापकांनीं ठरवूनच आणलें होतें. ठराव वाचून त्यांनीं विचारलें, "कोणास कांहीं म्हणावयाचें आहे काय?" आम्ही चौदा माणसें, कोणी बोललें नाहीं. आठवड्यानें कळलें कीं, खेड्यांतील मुलींची शेवटची एस. टी. चुकते आणि तिघींचें शाळेंत येणें घरच्यांनीं बंद केलें आहे. गाडीची वेळ शिपायास ठाऊक होती. पण त्यास बैठकींत बसविण्याची चाल नव्हती. मला ती ठाऊक होती, आणि मी तर बसलेलोंच होतों. सभापर्वांत वृद्ध गप्प असतां धाकटा विकर्ण उठून बोलतो, हा प्रसंग मी त्याच शाळेंत शिकवीत असें!

पुढें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवाची हकीकत वाचनांत आली. तेथें ग्रामसभेचा निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढें ढकलतात. विषय समजून घेण्यासाठीं निराळा अभ्यासगट बसतो. बाहेरचे जाणकारही तेथें येतात. मात्र निर्णय तेथें होत नाहीं, तो ग्रामसभेचाच. श्री. देवाजी तोफा व श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांचीं नांवें या कार्याशीं निगडित आहेत. २००९ सालीं या गांवास सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातीं आले. इतका दीर्घ लढा नुसत्या माना डोलावून निभत नाहीं.

कचेरींत अशी सर्वसहमती परवडणार नाहीं, हें मला मान्य आहे. साहेबांस सायंकाळपर्यंत निर्णय हवा असतो. परंतु समजून घेणें आणि ठरविणें यांसाठीं दोन निराळ्या बैठकी घेण्यास खर्च तो काय? पहिल्या बैठकींत सर्वांत कनिष्ठानें आधीं बोलावें. वडील बोलून गेले म्हणजे त्यास 'होय' म्हणण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं. आपल्या घरीं तरी काय निराळें घडतें? कार्याची मसलत माजघरांत चालते, आणि कोठींत गहूं किती शिल्लक आहेत हें जिला ठाऊक, ती धाकटी सून चहा ठेवून निघून जाते.

शिपायास बोलावून, गाडीची वेळ विचारून, आमचा तो ठराव अखेर रद्द झाला. तिघींपैकीं दोघी परत आल्या.