सेल्बोर्नचें चर्च आणि त्याच्या आवारांतील यू वृक्ष

देवळापुढें वडाचा किंवा पिंपळाचा पार नाहीं, असें खेडें आपल्याकडे क्वचितच आढळेल. इंग्लंडांतील जुन्या खेड्यांत हें मानाचें स्थान 'यू' नांवाच्या वृक्षाला मिळालेलें आहे. मध्यें दगडी चर्च, त्याच्या भोंवतीं गवताळ दफनभूमि आणि तींत काळसर हिरव्या, बारीक पानांचा, बुटका पण रुंद असा हा वृक्ष, हें दृश्य तेथें कितीतरी गांवीं दिसतें. अशा गांवांपैकीं सेल्बोर्न हें एक विशेष प्रसिद्ध गांव होय.

लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारें ५० मैलांवर, हँपशायर परगण्यांत, बीच वृक्षांनीं झांकलेल्या एका उभ्या टेकडीच्या पायथ्याशीं हें खेडें वसलेलें आहे. येथील सेंट मेरीचें चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलें गेलें. आंतील वाटोळे, जाड दगडी खांब त्या काळची साक्ष देतात. एका खिडकीच्या रंगीत कांचांवर संत फ्रान्सिस आणि त्यांच्या भोंवतीं जमलेले नानाविध पक्षी चितारलेले आहेत. ही खिडकी गिल्बर्ट व्हाइट यांच्या स्मरणार्थ बसविलेली आहे. बाहेर त्यांची समाधि आहे. पण ती इतकी साधी कीं, तिच्या लहानशा दगडावर नांवाचीं आद्याक्षरें व मृत्युतिथि यांपलीकडे कांहीं नाहीं.

व्हाइट यांचा जन्म १७२० मध्यें याच गांवीं झाला आणि १७९३ मध्यें ते येथेंच निवर्तले. धर्मोपदेशकाचें काम करीत असतां त्यांनीं पाऊस, वारा, पक्षी, कीटक, फुलें यांची टिपणें वर्षानुवर्षें ठेविलीं. दिसावयास जवळजवळ सारखे असलेले कांहीं लहान पक्षी तीन निरनिराळ्या जातींचे आहेत, हें त्यांनीं प्रामुख्यानें त्यांच्या स्वरभेदावरून ओळखलें. दोन मित्रांस लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें त्यांनीं आपल्या गांवाचा सृष्टीतिहास १७८९ मध्यें प्रसिद्ध केला. गांवाच्या जुन्या वास्तूंविषयींचा भागहि त्याच ग्रंथांत आहे आणि त्यांत चर्चच्या आवारांतील यू वृक्षाला जागा मिळाली आहे.

वृक्षाविषयीं त्यांनीं मुख्यतः तीन गोष्टी लिहिल्या. वृक्ष नरजातीचा असून वसंत ऋतूंत परागांचे लोट सोडतो, ही पहिली. त्याच्या बुंध्याचा घेर २३ फूट आहे, ही दुसरी. तो बहुधा चर्चइतकाच जुना असावा, ही तिसरी. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी प्रत्यक्ष अवलोकनाच्या होत; तिसरें केवळ अनुमान होतें.

वृक्षाचें वय त्याच्या खोडांतील वलयें मोजून सांगतां येतें, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. यूच्या बाबतींत मात्र ही युक्ति चालत नाहीं. वृक्ष वृद्ध झाला कीं त्याचा गाभा कुजून खोड पोकळ होतें, आणि पहिल्या कित्येक शतकांचीं वलयें नाहींशीं होतात. अशा वेळीं जुन्या मापांचाच आधार उरतो. सेल्बोर्नच्या वृक्षाचा घेर विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारें २६ फूट भरला. म्हणजे दोनशें वर्षांत वाढ अवघी तीन फूट! याच गतीनें हिशेब केल्यास २६ फुटांस सतराशें वर्षें लागतील. परंतु तरुण वृक्ष अधिक वेगानें वाढतो, हें लक्षांत घेऊन त्याचें वय सुमारें १४०० वर्षें मानण्यांत आलें. हा अंदाज स्वीकारला, तर चर्च उभें राहिलें तेव्हां वृक्ष शतकांचें आयुष्य जगून चुकला होता. वृक्ष चर्चजवळ लावला गेला नाहीं, चर्चच वृक्षाजवळ आलें. व्हाइट यांच्या अनुमानाला बाध आला, तो त्यांच्याच मापानें!

या वृक्षाच्या बियांभोंवतींचा लाल गर सोडला, तर बहुतेक सर्व भाग विषारी असून त्याचा पाला खाऊन गुरें दगावतात. पण विषांतच कधीं औषध दडलेलें असतें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यूच्या सालींतून कर्करोगावरील टॅक्सॉल हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. त्याची रचना १९७१ मध्यें मनरो वॉल यांच्यासह जगापुढें मांडणारे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे.

दिनांक २५ जानेवारी १९९० रोजीं झालेल्या प्रचंड वादळांत सेल्बोर्नचा वृक्ष मुळांसकट उन्मळून पडला. मुळांखालच्या खड्ड्यांत जुन्या दफनांतील मानवी अस्थि सांपडल्या. ग्रामस्थांनीं फांद्या छाटून बुंधा पुन्हां उभा केला. परंतु तो जगला नाहीं. त्याचा वठलेला बुंधा तेथेंच ठेवलेला असून त्याच्या फांदीपासून केलेलें रोप जवळच वाढत आहे. त्या रोपाचा घेर २३ फूट होईपर्यंत किती पिढ्या जातील!

व्हाइट यांच्या नोंदींत एक उणीव आहे: घेर जमिनीपासून किती उंचीवर मोजला, तें त्यांनीं लिहिलेलें नाहीं. त्यामुळें वरील हिशेब स्थूल मानानेंच घ्यावा लागतो. आपल्या गांवच्या पिंपळाविषयीं "फार जुना, पणजोबांच्या वेळचा" याहून अधिक कोणी सहसा सांगूं शकत नाहीं. छातीइतक्या उंचीवर एक दोरी गुंडाळावी, तिची लांबी, जमिनीपासूनची उंची व तारीख वहींत टिपून ठेवावी. याला पैसा लागत नाहीं आणि विद्वत्ताहि लागत नाहीं. दोनशें वर्षांनीं पिंपळ उभा असो वा नसो, ती वही मात्र कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.