खण आणि चौरस फूट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावेच्या गावे कोसळली. पुनर्बांधणीत अभियंता चौरस फुटांत बोले, घरमालक खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेच्या मापात. ग्रामसभेत पुढारी बोलत, बाया मागे पदर सावरून बसत. त्यांचे मौन म्हणजे होकार, हा अर्थ साहेबांच्या सोयीचाच. खरे तर चूल कुठे आणि रांजण कुठे, हे बायांनाच पक्के ठाऊक. पुढे सरकारने ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ केले. मदतीचा हप्ता कधी मिळतो, भिंतीला मजबुती कशी द्यायची, हे त्या शेजारणींना घरच्या बोलीत समजावत आणि गावाच्या अडचणी कचेरीत नेत.