जठराग्नीचा दूत : गॅस्ट्रिन

‘जठराग्नी’ हा आपल्या भाषेतील किती अर्थवाही शब्द आहे! अन्नाचे पचन करणारा अग्नी उदरात वसतो, ही कल्पना आपल्या पूर्वजांना सुचली. हा अग्नी केव्हा चेतवावा आणि केव्हा शांत करावा, हे सांगणारा दूत कोण, याचे उत्तर मात्र विसाव्या शतकाने दिले. त्या दूताचे नाव गॅस्ट्रिन. आज घरोघरी घेतल्या जाणाऱ्या ‘ॲसिडिटीच्या गोळी’शी त्याचा निकटचा संबंध असल्याने त्याचा परिचय डॉक्टर नसलेल्या वाचकांनाही उपयुक्त ठरावा.

१९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी सिक्रेटिन शोधले. पाठोपाठ १९०५ मध्ये इंग्लंडमधील जॉन एडकिन्स यांनी जठराच्या शेवटच्या भागातील अस्तराचा अर्क शिरेतून दिल्यास आम्ल स्रवते, हे दाखविले. (दोनच वर्षांनी, १९०७ साली, आपल्या बडोद्यात प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि राजमित्र अमीन यांनी अलेम्बिकचा पाया घातला आणि या नगरीचे औषधनिर्मितीशी नाते जुळले.) पुढे हिस्टॅमिननेही आम्ल स्रवते असे आढळताच एडकिन्स यांच्या शोधावर संशयाचे सावट पडले. १९३८ मध्ये कोमारोव्ह यांनी हिस्टॅमिनरहित अर्क तयार करून ते दूर केले, आणि १९६४ मध्ये लिव्हरपूलच्या ग्रेगरी व ट्रेसी यांनी शुद्ध गॅस्ट्रिन हाती दिले.

हे संप्रेरक जठराच्या उत्तरभागातील जी-पेशींत तयार होते. परंतु ते एकदम सिद्ध होत नाही. प्रथम १०१ अमिनो आम्लांची एक लांब साखळी विणली जाते. तिच्या अग्रभागी असलेला २१ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे जणू प्रवेशपत्र. पेशीच्या अंतर्भागात शिरताच तो गळून पडतो. उरलेल्या ८० अमिनो आम्लांच्या प्रोगॅस्ट्रिनवर मग सोनाराच्या पेढीवर व्हावे तसे संस्कार होतात. गॉल्जी यंत्रणेत काही रेणूंना सल्फेट जोडला जातो. विशिष्ट विकरे साखळी ठरावीक जागी कापतात, दुसरे विकर टोकाचे नको असलेले दुवे काढते. शेवटी टोकाशी राहिलेल्या ग्लायसिनचा उपयोग करून तेथे अमाइड गट बसविला जातो. या अखेरच्या संस्कारास तांबे आणि क जीवनसत्त्व लागते! हा अमाइडचा शिक्का बसल्यावाचून गॅस्ट्रिन आम्लस्रावाचा निरोप पोहोचवू शकत नाही. तयार रेणू मुख्यत्वे दोन : १७ अमिनो आम्लांचा छोटा आणि ३४ चा मोठा. जठरात छोट्याचे प्राबल्य असते. मोठा रक्तात अधिक काळ टिकतो.

अन्नातील प्रथिनांचे तुकडे, जठराचे ताणले जाणे आणि व्हेगस चेतातंतूचा इशारा यांमुळे गॅस्ट्रिन रक्तात उतरते. ते जठराच्या वरच्या भागातील पेशींना हिस्टॅमिन सोडावयास लावते आणि हिस्टॅमिन आम्लपेशींना जागविते. आम्ल पुरेसे झाले, की शेजारच्या डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून जी-पेशींना आवर घालतात. थंड दुधाने जळजळ क्षणभर शमते आणि पुन्हा उसळते, याचेही इंगित येथेच आहे. दुधातील प्रथिने व कॅल्शियम पुन्हा आम्लस्रावालाच चेतवितात.

आता गोळीकडे वळू. ओमेप्राझोलच्या कुळातील औषधे आम्ल थांबवितात. आम्ल नाही म्हणून आवर नाही, आणि आवर नाही म्हणून गॅस्ट्रिन वाढते. औषध अकस्मात बंद केल्यास हे साठलेले आवाहन एकदम फळाला येते. डेन्मार्कमधील २००९ च्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना आठ आठवडे असे औषध दिले. ते थांबविल्यावर ४४ टक्के जणांना आम्लपित्ताची लक्षणे जाणवली. ज्यांना कधीच औषध दिले नव्हते, केवळ तशीच दिसणारी गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे ज्यांना मूळ व्याधीच नव्हती, त्यांनाही गोळी सोडल्यावर ती जडली! “गोळी बंद केली की त्रास होतो, म्हणून चालू ठेवली,” हे वाक्य माझ्या दवाखान्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतच्या रुग्णांकडून मी नित्य ऐकतो. त्यातील काहींचा त्रास आजाराचा नसून गोळी सोडल्याचा असतो.

दीर्घकाळ आम्ल दडपल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषणही मंदावते. शाकाहारी कुटुंबांत हे अधिक महत्त्वाचे. मात्र याचा अर्थ सर्वांनी गोळी फेकून द्यावी असा नव्हे. व्रण, रक्तस्राव वा अन्ननलिकेचा तीव्र दाह झालेले, तसेच ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्यासाठी ती संरक्षक कवच आहे. इतरांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी आणि पहिले काही आठवडे जळजळ झाल्यास धीर सोडू नये. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही योग्य रुग्णांत अवश्य व्हावी.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती : गोळी लिहिताना ती केव्हा थांबवायची, हेही त्याच कागदावर लिहावे. वजन घटणे, गिळताना अडकणे, काळे शौच, रक्तक्षय ही लक्षणे असतील तर मात्र गोळीच्या चर्चेत वेळ न दवडता दुर्बिणीने तपासणी करावी. अग्नी विझविणे सोपे. त्याच्या दूताचे म्हणणे ऐकून त्याला योग्य मर्यादेत ठेवणे, हेच खरे वैद्यक.