दुभत्या जनावरांच्या मुलुखातील घोडा : भूम परिसराच्या संदर्भात अश्व-आहार व आरोग्य

बीजशब्द : अश्व-आहार, चंदी, कडबा, अंधांत्र, पोटशूळ, भीमथडी घोडा

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याची ओळख दुधाशी आणि खव्याशी जोडलेली आहे. कुंथलगिरीचा पेढा आणि या पट्ट्यातील खव्याच्या भट्ट्या महाराष्ट्राला परिचित आहेत. बालाघाटाच्या या अवर्षणप्रवण माळावर शेतीला जोड मिळाली ती म्हशीची, गाईची आणि उस्मानाबादी शेळीची. साहजिकच जनावराला काय घालावे, किती घालावे, याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान येथील घराघरांत आहे. घोडा मात्र आता तुरळक दिसतो. तो मेंढपाळांच्या वाड्याबरोबर ओझे वाहतो, लग्नाच्या वरातीत नाचतो किंवा एखाद्याच्या हौसेपोटी दारात उभा असतो. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३.४ लाखांवर आली. संख्या घटली तसे त्यांना पोसण्याचे ज्ञानही विरत गेले. त्याची जागा गोठ्यातील ज्ञानाने घेतली. ज्या दावणीला म्हैस, त्याच दावणीला घोडा आणि त्याच पोत्यातील खाद्य, असा व्यवहार सोयीचा असला तरी तो घोड्याच्या जिवावर कसा बेततो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

घोडा रवंथ करीत नाही

प्राणिशास्त्राच्या वर्गात शाकाहारी प्राण्याचे पचन शिकविताना आपण बहुधा गाईचे कोठीपोट फळ्यावर काढतो आणि घोड्याची बोळवण एका वाक्यात करतो. वास्तविक हा भेद मूलभूत आहे. गाय चारा आधी कोठीपोटात आंबविते, तेथील सूक्ष्मजीव त्यावर काम करतात आणि मगच अन्न पुढे सरकते. घोड्यात हा क्रम उलटा आहे. अन्न प्रथम जठर आणि लहान आतड्यातून जाते व तंतुमय भागाचे किण्वन त्यानंतर, म्हणजे अंधांत्र आणि मोठ्या आतड्यात होते. अंधांत्र ही एका टोकाला बंद असलेली पिशवी असून मोठ्या घोड्यात तिची क्षमता २५ ते ३५ लिटर भरते.

त्या मानाने जठर अगदीच लहान असते. पूर्ण वाढीच्या घोड्यातही ते ८ ते १५ लिटरांचेच असते. त्यात आम्ल अखंड स्रवत राहते, लाळ मात्र केवळ चघळतानाच सुटते. त्यामुळे घोडा तासन्‌तास उपाशी राहिला तर आम्लाला उतारा मिळत नाही व जठराला व्रण पडतात. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात वायू धरला, जठर फुगले, तर वरची वाट बंद असते आणि प्रसंगी जठर फुटते. म्हशीला सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी भरपूर घालून मध्ये निवांत रवंथ करू देणे योग्य आहे. घोड्याला तीच वेळापत्रके लावणे म्हणजे पोटशुळाला आमंत्रण देणे होय.

चंदीचे गणित

घोड्याच्या धान्याला मराठीत ‘चंदी’ हा स्वतंत्र शब्द आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावी अशी आहे. गाईच्या आंबोणाहून ती वेगळी. चंदी म्हणून आपल्याकडे मुख्यतः हरभरा दिला जाई, तोही भिजवून, तोबऱ्यातून. कुळीथ शिजवून देण्याचीही पद्धत होती. या निवडीमागील शहाणपण आकडेमोडीने तपासता येते.

प्रथम घोड्याचे वजन काढावे लागते. काटा नसला तरी शिवणाची टेप पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. घेर १५० व लांबी १४० सेंटिमीटर असेल तर वजन सुमारे २६५ किलो येते. आपल्याकडील तट्टू साधारण याच्या आसपास बसते. घोड्याला रोज वजनाच्या सुमारे २ टक्के शुष्क पदार्थ लागतो. म्हणजे या तट्टाला ५.३ किलो, त्यांपैकी निदान ४ किलो वैरणीतून मिळाला पाहिजे. वाळलेल्या कडब्यात थोडा ओलावा असतो, हे धरता साडेचार किलो कडबा-गवत झाले.

आता धान्य. लहान आतड्याची पिष्ट पचविण्याची शक्ती मर्यादित असते. एका वेळेस दर किलो वजनामागे १ ग्रॅम पिष्ट ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. आपल्या तट्टासाठी ती २६५ ग्रॅम ठरते. ज्वारीत पिष्ट सुमारे ७० टक्के असल्याने एका वेळी पावणेचारशे ग्रॅम ज्वारीतच ही मर्यादा गाठली जाते. हरभऱ्यात पिष्ट त्याहून बरेच कमी, तर प्रथिने ज्वारीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून तेवढ्याच पिष्टात हरभरा अधिक देता येतो. जुन्या पागेने हरभरा निवडला तो केवळ श्रीमंतीमुळे नव्हे.

मर्यादा ओलांडली तर न पचलेले पिष्ट अंधांत्रात उतरते. तेथे ते झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल वाढते, तंतू पचविणारे सूक्ष्मजीव मरतात आणि विषारी द्रव्ये रक्तात शिरतात. त्याचा परिणाम पोटात जसा दिसतो तसाच खुरात दिसतो. खुराच्या आतील नाजूक पडद्यांना दाह होतो, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो आणि पाऊल उचलीनासा होतो. लग्नसराईत ‘ताकद यावी’ म्हणून एकदम पाटीभर भरडा घालणाऱ्या मालकाला हे लंगडणे नालबंदाची चूक वाटते. धान्य वाढवायचे तर ते आठ-दहा दिवसांत थोडे थोडे वाढवावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावे. वैरण मात्र समोर सतत असावी.

गोठ्यातून येणारे तीन धोके

पहिला धोका संकरित नेपियरचा. दुधासाठी हे गवत आता बांधाबांधावर आहे आणि म्हशीला ते मानवते. त्यात ऑक्झलेट हे द्रव्य असते. कोठीपोटातील सूक्ष्मजीव त्याचा बराचसा निकाल लावतात. घोड्यात मात्र ते चाऱ्यातील कॅल्शियमला आधीच बांधून टाकते आणि ते कॅल्शियम शोषले जात नाही. महिनोन्‌महिने केवळ नेपियरवर ठेवलेला घोडा रक्तातील तूट हाडांतून भरून काढतो. चेहऱ्याची हाडे सुजतात, जबडा जाड दिसतो, आज एका पायाने तर उद्या दुसऱ्या पायाने तो लंगडतो. जोडीला गव्हाचा कोंडा असेल तर हे संकट वाढते, कारण कोंड्यात स्फुरद भरपूर व कॅल्शियम नगण्य असते. यावर लसूणघास हा चांगला उतारा आहे, कारण तिच्यात कॅल्शियम विपुल असते. तिच्या जोडीला माळावरील हरळी-पवन्या व कडबा ठेवावा.

दुसरा धोका तयार खाद्याच्या पोत्याचा. कोंबड्यांच्या, तसेच काही ठिकाणी जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाय सहन करते त्याच्या सुमारे एक-दशांश मात्राही घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करू शकते. उरलेसुरले कोंबडीखाद्य घोड्यापुढे टाकणे या एका कारणासाठी कायमचे वर्ज्य मानावे.

तिसरा धोका बुरशीचा. पावसात भिजलेला कडबा, काळा पडलेला मका. मराठवाड्यात मक्याचे क्षेत्र वाढले आहे आणि बुरशी लागलेला माल जनावरांकडे वळविण्याची आपली सवय जुनी आहे. मक्यावरील फ्युमोनिसिन या बुरशीविषाने घोड्याच्या मेंदूतील पांढरा भाग अक्षरशः विरघळतो. तो भिंतीला डोके टेकून उभा राहतो, अडखळतो आणि बहुधा दगावतो. यावर उपचार नाही.

पागेची बेगमी

वैरणीचा साठा हा आहारशास्त्राचाच भाग आहे, हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका सुप्रसिद्ध पत्रावरून दिसते. १६७० च्या दशकात चिपळूण येथे तळ असलेल्या पागेच्या अधिकाऱ्यांना ते लिहिले आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू न देणारे पत्र म्हणून आपण ते शिकवितो. परंतु त्याचा मोठा भाग घोड्यांच्या खाण्याविषयी आहे. पावसाळ्यासाठी केलेला साठा आधीच बराच खर्ची पडला आहे, गडोगडीचा गल्ला देऊन कशीबशी बेगमी केली आहे. तो आता मनमानेल तसा चाराल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ आगट्या करू नयेत, उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल, इथवर त्यात बारकावा आहे.

ही भीती शारीरविज्ञानाच्या दृष्टीनेही योग्य आहे. तट्टू-जातीच्या घोड्यात उपास पडताच अंगातील चरबी बेसुमार वेगाने रक्तात उतरते व यकृत निकामी होऊ शकते. लठ्ठ तट्टाला ‘उतरविण्यासाठी’ उपाशी ठेवणेही म्हणून घातक. आपल्या तट्टाला साडेचार किलो वैरण धरली तर जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांना साडेपाच क्विंटल लागते. नासधूस धरून सहा क्विंटल कोरडी, जमिनीपासून उंचावर रचलेली असावी. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याची २०२३-२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी झाली. हे काटक जनावर कमी चाऱ्यात टिकते, याचा अर्थ चाऱ्याविना टिकते असा नव्हे.

पाणी, दात आणि जत्रा

कोरडा कडबा आणि अपुरे पाणी हे भूमसारख्या टंचाईच्या प्रदेशातील पोटशुळाचे एक सरळ कारण आहे. आपल्या तट्टाला साध्या दिवसांत १५ ते २० लिटर पाणी लागते. वैशाखात, कामाच्या दिवशी, याच्या दुप्पट. कडबा बारीक कापून, पाणी शिंपडून द्यावा व मिठाचा खडा समोर ठेवावा. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांना धारदार कडा येतात. तो अर्धवट चघळलेले गोळे तोंडातून टाकीत असेल, लिदीत अख्खे दाणे दिसत असतील, तर खुराक वाढविण्यापूर्वी पशुवैद्याकडून दात घासून घ्यावेत. जंतांचे औषधही अंदाजाने न देता लीद तपासून द्यावे. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो, म्हणून त्याची लस वर्षाला चुकवू नये.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा तापीकाठच्या सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे ग्लँडर्स या रोगाचे भान ठेवावे लागते. देशात बराच काळ न दिसलेला हा रोग २००६ मध्ये महाराष्ट्रातच पुन्हा आढळला. तो माणसालाही होतो. बाधित जनावराच्या नाकातील स्राव हौदात व गव्हाणीत मिसळतो आणि तेथूनच तो पसरतो. बाधित ठरलेल्या घोड्याला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. नाकातून चिकट पू येणारे, पायावर गाठी-व्रण असलेले जनावर घेऊच नये आणि शंका आल्यास पशुसंवर्धन खात्यास लगेच कळवावे. रक्ताच्या नमुन्याची तपासणी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. यात्रेला जाताना स्वतःची बादली, स्वतःचा तोबरा व दोन दिवसांची वैरण बरोबर न्यावी. नवीन घेतलेला घोडा निदान तीन आठवडे इतर घोड्यांपासून दूर बांधावा, आणि त्या काळात त्याची बादली गोठ्यातील कोणत्याही जनावरासाठी वापरू नये.